त्वचेचा कॅन्सर कापून काढताना

वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या आणि बिहारमधल्या मधुबनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीचं वय ७०. परकराची नाडी वर्षानुवर्षं ज्या जागी आवळली जात होती तिथल्या कातडीचा रंग उडाला, मग तिथे जखम झाली आणि दीड वर्षं ती भरलीच नाही. दुसरी साठी ओलांडलेली. परकर न घालता लुगडं कमरेला घट्ट कसून नेसण्याची तिची ४० वर्षांची सवय. तिची जखम दोन वर्षं उघडी होती आणि निदान झालं तेव्हा रोग जांघेतल्या एका गाठीपर्यंत पोचला होता. दोघींच्याही जखमेचा तुकडा तपासला तेव्हा त्वचेचा कॅन्सर निघाला.

अशा बायका आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत, आणि कमरेवरचा काळा वळ त्यांनी कधी कोणाला दाखवलेला नसतो. त्वचेचा कॅन्सर म्हणजे गोऱ्या लोकांचा, उन्हात पडून राहणाऱ्यांचा रोग, अशी आपली समजूत. सावळ्या कातडीला तिच्यातल्या रंगद्रव्याचं संरक्षण मिळतं, त्यामुळे आपल्याकडे हा रोग तुलनेनं कमी आढळतो, हे खरं. पण जिथे ऊन पोचतच नाही अशा जागाही तो गाठतो. लहानपणी भाजल्याच्या जुन्या व्रणावर, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या पायाच्या जखमेवर, तळपायावर, नखाखाली. काश्मीरमध्ये अंगरख्याच्या आत निखाऱ्याची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर तो होतो, म्हणून त्याला कांगडीचा कॅन्सर असंच नाव पडलं आहे.

हा लेख ‘ऑपरेशन करावं लागेल’ असं ज्यांना नुकतंच सांगितलं गेलं आहे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. त्वचेच्या बहुतेक कॅन्सरांवर शस्त्रक्रिया हाच पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वेळेवर आणि नीट केली तर अनेकदा तेवढी एकच पुरते. पण आपल्याकडे दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे सुरीची भीती. दुसरी त्याहून घातक: जखम किंवा चामखीळ कोणाकडून तरी जाळून घ्यायची, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवायचाच नाही.

सुरी लागली की कॅन्सर पसरतो, असं गावोगावी ठामपणे सांगितलं जातं. असा समज का झाला हे कळण्यासारखं आहे. लोक फार उशिरा येत, तोवर रोग आधीच पसरलेला असे, ऑपरेशननंतर काही महिन्यांत माणूस जाई आणि दोष सुरीवर येई. कॅन्सर स्वतःच्या गतीनं पसरतो. तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यामुळे किंवा पद्धतशीर ऑपरेशनमुळे तो पसरत नाही. उलट अर्धवट जाळलेला, चुना किंवा ॲसिड लावून वरवर खरवडलेला रोग आत शिल्लक राहतो, वरून कातडी धरते आणि खाली तो वाढत जातो. पुढच्या सर्जनला मग त्याची कड कुठे संपते हे सापडणंही कठीण होतं. पार्लरमध्ये, जत्रेतल्या वैद्याकडे किंवा तुकडा न तपासता लेझर मारणाऱ्या दवाखान्यात असा डाग काढून घेऊ नका. पहिलं ऑपरेशन नीट होणं याला या आजारात फार मोल आहे.

आधी तुकडा, मग ऑपरेशन

तीन प्रकार मुख्य आहेत आणि तुमचा कोणता यावर पुढचं सगळं ठरतं. बेसल सेल कार्सिनोमा बहुतेक वेळा चेहऱ्यावर होतो, नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापाशी. तो अगदी सावकाश वाढतो आणि शरीरात दूर जाणं अत्यंत दुर्मिळ. पण जागच्या जागी नाक, पापणी पोखरत जातो. आपल्या कातडीत तो अनेकदा काळसर दिसतो आणि लोक त्याला तीळ समजून बसतात. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा म्हणजे न भरणारी, कडा जाड झालेली, हात लावताच रक्त येणारी जखम किंवा खरखरीत गाठ. नाडीच्या जागी, भाजल्याच्या व्रणावर होतो तो बहुधा हाच. हा लिम्फच्या गाठींपर्यंत जाऊ शकतो. तिसरा मेलॅनोमा. तो सर्वांत कमी आढळतो आणि सर्वांत धोक्याचा आहे. आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो. कुरूप समजून त्यावर पट्ट्या लावल्या जातात, ठेच लागून नख काळं पडलं असं मानलं जातं. जमैकाचा गायक बॉब मार्ले १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी गेला. त्याचा आजार सुरू झाला होता तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलॅनोमापासून.

पापणीबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. उतारवयात एकाच जागी पुन्हापुन्हा रांजणवाडी होत असेल, औषधानं जात नसेल, तर ती पापणीतल्या तेलग्रंथीचा कॅन्सर असू शकते. पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात याचं प्रमाण जास्त आहे. अशी रांजणवाडी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काढली तरी तुकडा तपासायला पाठवा, असं आपण होऊन म्हणा.

निदान डोळ्यांनी होत नाही. बायोप्सी लागते. जागा बधिर करून ३ ते ४ मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, किंवा डाग लहान असेल तर तो पूर्णच काढून पाठवतात. १०-१५ मिनिटांचं काम आहे, एखादा टाका पडतो, त्याच दिवशी घरी जाता येतं. रिपोर्ट आठवड्याभरात मिळतो. तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय मोठ्या ऑपरेशनची तारीख घेऊ नका, कारण किती रुंद आणि किती खोल कापायचं हे त्यावरून ठरतं. स्क्वॅमस आणि मेलॅनोमाच्या बाबतीत डॉक्टर काख, जांघ, मान हातानं चाचपून गाठी पाहतात. लागली तर सोनोग्राफी किंवा गाठीत सुई घालून तपासणी करतात, गरज पडली तर स्कॅन सांगतात. जांघेतल्या गाठीला ‘अवधाण आलंय’ म्हणून मोकळं होऊ नका.

नेमका केवढा भाग जाणार, हा पेशंटला सर्वांत मोठा धक्का असतो. बटाट्याचा किडका भाग काढताना आपण भोवतालचा थोडा चांगला भागही घेतो, तसंच इथे करावं लागतं. साध्या, कमी धोक्याच्या बेसल सेलला भोवताली ४ मिलिमीटर निरोगी कातडी घेतात. स्क्वॅमसला साधारण ४ ते ६ मिलिमीटर, धोका जास्त असेल तर त्याहून अधिक. मेलॅनोमात रोग किती मिलिमीटर खोल गेला आहे ते पाहून १ ते २ सेंटिमीटर. शिवाय जखम सरळ शिवता यावी म्हणून काप डोळ्याच्या आकाराचा, लांबट घेतात. त्यामुळे टाक्यांची रेघ मूळ कापाच्या रुंदीच्या सुमारे तिप्पट लांब होते. वाटाण्याएवढ्या डागासाठी गालावर चारपाच सेंटिमीटरची शिवण पाहून घरचे हबकतात आणि डॉक्टरांनी उगाच जास्त कापलं असं म्हणतात. उगाच नसतं ते.

दवाखान्यात जाण्याआधी

हे ऑपरेशन कर्करोगतज्ज्ञ सर्जन, प्लास्टिक सर्जन, काही वेळा त्वचारोगतज्ज्ञ किंवा पापणी असेल तर डोळ्यांचे सर्जन करतात. चेहऱ्यावर मोठा भाग जाणार असेल तर काढणारे आणि नंतर भरून देणारे दोघेही आधीपासून एकत्र असावेत. एवढं आवर्जून विचारा.

खर्चाची चिंता असेल तर बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी चौकशी करा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, नंतर बिलं घेऊन गेलात तर उपयोग होत नाही. गोव्यातल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आहे. परळचं टाटा मेमोरियल तर आहेच. पण प्रत्येक लहान बेसल सेलसाठी लातूरहून किंवा गडचिरोलीहून मुंबई गाठायची गरज नसते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या सर्जरी विभागात ही कामं होतात. मेलॅनोमा, गाठींपर्यंत गेलेला रोग, डोळ्याच्या कोपऱ्यातला रोग किंवा परत उद्भवलेला रोग असेल तर मात्र मोठं केंद्र गाठा.

डॉक्टरांना तुमच्या सगळ्या गोळ्या दाखवा, काढे आणि जडीबुटीची औषधंसुद्धा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ती बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्याला ते जिवावर बेतू शकतं. बंद करायची की नाही आणि किती दिवस, हे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर ठरवतील. पेसमेकर असेल तर न चुकता सांगा, कारण रक्तस्राव थांबवायला विजेचं उपकरण वापरतात. साखर ताब्यात आणा. आणि बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री सोडा. निकोटीननं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नवी बसवलेली कातडी काळी पडून मरू शकते. काही आठवडे आधी सोडता आलं तर उत्तम, पण उद्या ऑपरेशन असेल तर आजपासून तरी सोडा आणि जखम पूर्ण भरेपर्यंत हात लावू नका.

फक्त जागा बधिर करून ऑपरेशन होणार असेल तर सहसा उपाशी राहावं लागत नाही, नेहमीचा नाश्ता करून जा. पूर्ण भूल असेल तर ६ तास आधीपासून खाणं बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. पुढून बटणांचा सैल शर्ट किंवा गाऊन घाला, म्हणजे चेहऱ्यावर पट्टी असताना डोक्यावरून कपडा काढावा लागत नाही. दागिने, मंगळसूत्र, टिकली, नेलपॉलिश घरीच काढून या. मंगळसूत्र काढायला बऱ्याच बायका कचरतात. हिरव्या कापडाखाली राहून गेलेला धातू विजेच्या उपकरणामुळे भाजू शकतो, त्यामुळे तो हट्ट करू नये. सोबत एक जाणतं माणूस असू द्या.

टेबलावर

सर्जन आधी पेननं डागाची कड आखतात आणि तिच्या बाहेर मार्जिनची, म्हणजे सोबत काढायच्या निरोगी कातडीची, दुसरी रेघ. ही आखणी आरशात पाहायला मागा. बायोप्सीची जखम भरून गेली असेल तर मूळ डाग कुठे होता याचा घोटाळा होऊ शकतो. म्हणून बायोप्सीच्या दिवशीच मोबाइलवर जवळून आणि लांबून असे दोन फोटो काढून ठेवलेले बरे.

मग बधिर करण्याचं इंजेक्शन. खरं दुखतं ते एवढंच. अर्धा-एक मिनिट चांगलीच आग होते, मग जागा सुन्न पडते. त्यानंतर ओढल्याचं, दाबल्याचं जाणवतं, दुखत नाही. दुखलं तर लगेच सांगा, आणखी औषध देता येतं. जळल्यासारखा वास आणि मशीनचा आवाज येतो, तो रक्तस्राव थांबवण्याचा. चेहऱ्यावर कापड असतं, त्याखाली गुदमरल्यासारखं वाटलं तर बोला. खोकला किंवा शिंक येणार असेल तर आधी सांगा. साधं काम अर्ध्या-पाऊण तासात होतं.

काढलेल्या तुकड्याच्या एका टोकाला सर्जन दोऱ्याची खूण करतात. पॅथॉलॉजिस्टला वरची बाजू कोणती, नाकाकडची कोणती हे त्यावरून कळतं. एखाद्या कडेला रोग शिल्लक निघाला तर नेमकी तीच बाजू पुन्हा कापता येते. या दोऱ्याच्या खुणेची माहिती सहसा पेशंटपर्यंत पोचत नाही, पण विचारायला काही हरकत नाही.

चेहऱ्यावरच्या अवघड जागांसाठी आणखी एक पद्धत आहे, मोहस सर्जरी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले फ्रेडरिक मोहस यांनी १९३० च्या दशकात ती सुरू केली. एकेक पातळ थर काढायचा, पेशंट बाहेर बसलेला असतानाच त्याच्या सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, जिथे रोग दिसेल तेवढ्याच जागी पुढचा थर घ्यायचा. त्यात निरोगी कातडी कमीत कमी जाते, आणि पहिल्यांदाच उद्भवलेल्या बेसल सेलला ही पद्धत वापरली तर रोग परतण्याचं प्रमाण अगदी थोडं असतं. वेळ मात्र अर्धा ते पूर्ण दिवस जातो. भारतात ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. नसेल तिथे ऑपरेशन चालू असतानाच कडा गोठवून तपासतात, किंवा जखम पट्टीखाली ठेवून रिपोर्ट आल्यावर मग ती भरून काढतात. चार-आठ दिवस उघडी जखम बाळगणं नकोसं वाटतं, पण नाक-पापणीजवळ रोग शिल्लक ठेवून वर सुंदर शिवण घालण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं.

गेलेली जागा भरायची कशी

लहान जखम सरळ शिवतात. काही जागा, उदाहरणार्थ कानाच्या खोलगट भागातल्या, तशाच ठेवल्या तरी काही आठवड्यांत आपोआप भरतात. मोठी जखम असेल तर कातडी दुसरीकडून आणावी लागते.

ग्राफ्ट म्हणजे कातडीचा पूर्ण सुटा केलेला तुकडा. लहान असेल तर कानामागून किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वरून, मोठा पातळ थर हवा असेल तर मांडीवरून घेतात. तो जागेवर घट्ट दाबून बांधतात आणि साधारण ५ ते ७ दिवस ती पट्टी उघडत नाहीत. या काळात तो तुकडा हलला किंवा खाली रक्त साचलं तर धरत नाही. उघडल्यावर तो जांभळट, काळपट दिसतो, म्हणून घाबरू नका. ऑपरेशनच्या जागेपेक्षा मांडी जास्त दुखते, हे आधीच माहीत असलेलं बरं. ती सुमारे दोन आठवड्यांत भरते, आणि ती जागा व ग्राफ्ट दोन्ही आपल्या कातडीत बराच काळ गडद राहतात.

फ्लॅपमध्ये शेजारची कातडी एका बाजूनं मूळ जागेला जोडलेलीच ठेवून फिरवून आणतात, म्हणजे तिचा रक्तपुरवठा चालू राहतो. नाकाचा मोठा भाग गेला तर कपाळावरची कातडी अशी खाली वळवतात, आणि या पद्धतीचा जगभरचा इतिहास पुण्यातून जातो. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा बैलगाडीवान होता. टिपू सुलतानाच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळाच्या कातडीतून नवं नाक घडवलं. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचं वर्णन चित्रासह छापून आलं. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जननं लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. कपाळाचा फ्लॅप आजही जगभर वापरात आहे. त्या कारागिराचं नाव कोणी नोंदवून ठेवलं नाही, याची हळहळ वाटते.

हे ऑपरेशन सांगितलं गेलं असेल तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, विशेषतः नातवंडांना, आधी सांगून ठेवा. साधारण तीन आठवडे भुवईपासून नाकापर्यंत कातडीचा एक पूल चेहऱ्यावर दिसत राहतो. नव्या जागी रक्तपुरवठा रुजला की दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये तो कापतात. त्या तीन आठवड्यांत आरशात पाहून अनेकांचा धीर सुटतो. तो अंतिम चेहरा नसतो.

नखाखालच्या मेलॅनोमात कधी बोटाचं एखादं पेर काढावं लागतं. ऐकून कोणीही हादरेल. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्या, पण त्यात महिने घालवू नका.

स्क्वॅमस किंवा मेलॅनोमासाठी गाठींची तपासणीही त्याच वेळी होऊ शकते. डागाभोवती किरणोत्सर्गी द्रव्य आणि निळा रंग टोचतात, तो ज्या पहिल्या गाठीत पोचतो तेवढी काढून तपासतात. दुसऱ्या दिवशी लघवी निळसर-हिरवी होते. कोणी आधी सांगितलं नसेल तर मोठी घबराट उडते. त्यात धोका नाही. सगळ्या गाठी काढाव्या लागल्या तर हात किंवा पाय पुढे सुजण्याची शक्यता असते, त्याचे व्यायाम आणि पट्ट्या यांची माहिती घरी जाण्याआधीच घ्या.

घरी आल्यावर

बधिरपणा उतरला की ठणका लागतो. पहिले एक-दोन दिवस तो जास्त, मग कमी होत जातो. पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरतं, बाकी दुखण्याच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. कपाळ किंवा नाकाचं ऑपरेशन असेल तर दुसऱ्या दिवशी डोळे सुजून जवळजवळ बंद होतात, भोवती काळंनिळं होतं. ते आठवडाभरात उतरतं. झोपताना डोक्याखाली दोन उशा घ्या. वाकून झाडणं-पुसणं, पाण्याची कळशी उचलणं आठवडाभर बंद. ‘थोडंसंच तर काम आहे’ म्हणणाऱ्या आईला घरच्यांनीच थांबवायला हवं.

पट्टीतून रक्त आलं तर ती पुन्हापुन्हा उचलून बघू नका. स्वच्छ कापडानं घड्याळ लावून १५ ते २० मिनिटं सलग दाबून धरा. तरीही थांबलं नाही तर दवाखाना गाठा. साध्या टाक्यांची जखम पहिले एक-दोन दिवस कोरडी ठेवतात, नंतर साबण-पाण्यानं हलकेच धुऊन, टिपून, डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा व्हॅसलीन लावतात. जखमेवर हळद, कॉफी, राख, चुना, काहीही नको. घरगुती हळद कितीही पवित्र असली तरी निर्जंतुक नसते.

पथ्याबद्दल जरा ठासून सांगते. भातानं जखम पिकते, वरणानं पू होतो, आंबट आणि वांगं वर्ज्य, असं सांगत घरोघरी पेशंटला महिनाभर अर्धपोटी ठेवतात. यातलं काहीही खरं नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळ, उसळी, दूध, दही, अंडी, मासे, जे तुमच्या घरी चालतं ते रोजच्यापेक्षा थोडं जास्तच द्या. लिंबू, आवळा, पेरूतलं क जीवनसत्त्व तर जखमेला हवंच असतं. मधुमेह असेल तेवढी साखर सांभाळा.

टाके चेहऱ्यावरचे ५ ते ७ दिवसांत, अंगावरचे आणि हातापायांचे साधारण १० ते १४ दिवसांत काढतात. तळपायाला आणखी वेळ लागू शकतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली पसरली, पू किंवा घाण वास आला, ताप चढला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

व्रण पहिले दोन-तीन महिने लाल, कडक आणि उंच दिसतो, खाजतो. त्याचं खरं रूप ठरायला सहा महिने ते वर्ष लागतं. जखम पूर्ण धरल्यावर हलका मसाज आणि सिलिकॉनचं जेल यांनी फायदा होतो. छाती आणि खांद्यावर व्रण फुगून केलॉइड होण्याची शक्यता जास्त, तसं आधी कधी झालं असेल तर ऑपरेशनपूर्वीच सांगा. शिवणीभोवतीचा बधिरपणा काही महिने टिकतो. कानशिलावरच्या ऑपरेशनमध्ये भुवई उचलणाऱ्या नसेला धोका असतो. त्याबद्दल संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारा, नंतर विचारून काही उपयोग नाही.

रिपोर्ट आल्याशिवाय ऑपरेशन संपत नाही

टाके निघाले, जखम भरली, की बहुतेक लोक पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाहीत. रिपोर्ट लॅबमध्येच पडून राहतो. माझ्या मते या आजारातली ही सर्वांत मोठी चूक. आठवडा-दहा दिवसांनी येणाऱ्या त्या कागदावर लिहिलेलं असतं की रोग पूर्ण निघाला की नाही.

डॉक्टरांसमोर बसून त्यातल्या चार गोष्टी समजून घ्या. प्रकार कोणता? बाजूच्या सगळ्या कडा मोकळ्या आहेत का? तळाची, म्हणजे खोलीची कड मोकळी आहे का? मेलॅनोमा असेल तर जाडी किती मिलिमीटर? नसांच्या बाजूनं रोग सरकलेला दिसला का, हेही विचारा, कारण तसं असेल तर डॉक्टर पुढे रेडिएशनचा विचार करतात. एखादी कड मोकळी नसेल तर पुन्हा ऑपरेशन किंवा रेडिएशन लागतं. त्याचा अर्थ सर्जननं चूक केली असा नाही. रोगाची मुळं डोळ्यांना दिसतात त्यापलीकडे गेलेली असतात. मात्र दुसरं ऑपरेशन टाळलंत तर पुढचं जास्त मोठं असेल.

तुमच्या तुकड्याचे मेणातले ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड लॅबकडे असतात. दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायला जाताना ते मागून घ्या. टाटासारख्या ठिकाणी नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, स्लाइड पुन्हा पाहिल्या जातात. ते सोबत नसतील तर मुंबईचा एक हेलपाटा वाढतो.

तपासण्या पुढे काही वर्षं चालू राहतात. स्क्वॅमस आणि मेलॅनोमाला पहिली दोन वर्षं साधारण दर ३ ते ६ महिन्यांनी, बेसल सेलला ६ महिने ते वर्षानं. एकदा त्वचेचा कॅन्सर झालेल्या माणसाला दुसऱ्या जागी नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात सगळं अंग पाहा. व्रणाची जागा, काख, जांघ, तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं. पाठ घरच्यांना पाहायला सांगा. शेतात टोपी किंवा पदर, उपरणं चेहऱ्यावर येईल असं घ्या. परकराला बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावा, गाठ सैल मारा, रोज जागा थोडी वरखाली करा, घरात सैल गाऊन वापरा.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा स्पष्ट विचारा, कमरेवर, पायावर, भाजल्याच्या जुन्या डागावर न भरणारी जखम आहे का. महिन्याभरात न भरलेली कोणतीही जखम असली तर याच आठवड्यात जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग किंवा सर्जरी विभागात न्या आणि तुकडा तपासायला पाठवायचा आग्रह धरा.